एक्सपायरी डेट नसलेली ॲम्प्यूल

रेबीजच्या लसीच्या खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं बघा, एका डोसमधे कमीत कमी २.५ आययू. आता हे आययू म्हणजे मिलिग्रॅम नाही आणि मिलिलिटर पण नाही, इंटरनॅशनल युनिट आहे, आणि ते कुठल्याच तराजूवर मोजता येत नाही. कारण लसीत माल किती आहे यापेक्षा तो काम किती करतो ते बघायचं असतं. म्हणून एक नमुन्याची लस जपून ठेवलेली असते, तिच्यात इतके युनिट आहेत असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलेलं असतं, आणि बाकीच्या लसी तिच्या शेजारी ठेवून तपासायच्या. हे झालं रेफरन्स स्टँडर्ड.

थोडक्यात दुकानातलं वजन. पण वजनच झिजलं तर? समजा स्टँडर्डचा जोर हळूहळू २० टक्के उतरला, तर त्याच्यापुढे प्रत्येक लस आहे त्यापेक्षा जोरदार दिसणार, कमजोर बॅच आरामात पास होणार आणि कागदोपत्री सगळं ओके. बरं, स्टँडर्ड उतरलंय हे ताडून बघायला त्याच्या वर दुसरं काही नसतंच!

ही काळजी जुनीच आहे. १८९७ साली जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख यांनी घटसर्पाच्या अँटीटॉक्सिनचं, म्हणजे त्या जंतूच्या विषावरच्या उताऱ्याचं, स्टँडर्ड बनवलं तेव्हा सिरम वाळवून, हवा काढलेल्या काचेच्या नळीत, ओल शोषून घेणाऱ्या पावडरीसोबत, अंधारात आणि थंडीत ठेवलं होतं. आजची पद्धत बघितली तर फार वेगळी नाही. इंग्लंडमधे लंडनच्या उत्तरेला साउथ मिम्स म्हणून गाव आहे, तिथल्या संस्थेत जागतिक आरोग्य संघटनेची बरीचशी स्टँडर्ड्स बनतात आणि राहतात. लस गोठवून व्हॅक्यूममधे तिचं पाणी उडवतात, जेमतेम एखादा टक्का ओल उरते, मग काचेच्या ॲम्प्यूलचं तोंड ज्योतीवर वितळवून बंद करतात आणि उणे २० डिग्रीला ठेवून देतात. आपलं वाळवणाचंच लॉजिक आहे, पाणी गेलं की बिघडणं मंदावतं, फक्त इथे रबराचं बूच पण चालत नाही कारण त्यातून वर्षानुवर्षं थोडी थोडी ओल आत येऊ शकते आणि सादळलेल्या पापडाचं काय होतं ते आपल्याला माहितीच आहे.

मग उणे २० ला ती किती वर्षं टिकेल हे कसं कळणार, ४० वर्षं वाट बघत बसणार का? तर नाही. त्याच लॉटमधल्या काही ॲम्प्यूल मुद्दाम ४, २०, ३७, ४५ डिग्रीला ठेवतात, म्हणजे भावंडांना उन्हात बसवायचं आणि काही महिन्यांनी फ्रीझरमधल्यांशी तुलना करायची. उष्णतेत जोर किती वेगाने उतरला त्यावरून स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ आऱ्हेनियस यांच्या समीकरणाने (तापमानाबरोबर रासायनिक क्रियेचा वेग कसा बदलतो ते सांगणारं) थंडीतला वेग काढतात. ढोबळ हिशोब करून बघू, दर १० डिग्रीला वेग तिप्पट होतो असं धरलं तर ३७ आणि उणे २० मधे ५७ डिग्रीचं अंतर, म्हणजे जवळपास सव्वापाचशे पट फरक, तिकडे एका महिन्यात जेवढं नुकसान तेवढं इकडे व्हायला ४० च्या वर वर्षं. (गंमत म्हणजे हेच आऱ्हेनियस पुढे टॉक्सिन-अँटीटॉक्सिनच्या विषयावर एर्लिखशी जोरदार भांडले होते.)

पण हे गणित डोळे झाकून चालत नाही. लस वाळवताना तिच्यात बऱ्याचदा साखरेसारखं काहीतरी घालतात, त्याची एक काच तयार होते आणि लसीतले रेणू तिच्यात जखडून बसतात. चिक्की आठवा, कडक असते तोवर दाणे जागच्या जागी, पण ऊन किंवा दमट हवा लागली की पाक चिकट होतो आणि सगळं सरकायला लागतं. या काचेचं पण तसंच, एका ठराविक तापमानाच्या वर ती मऊ पडते आणि तिथे बिघाडाचा नियमच बदलतो, मग ५६ डिग्रीचे आकडे घेऊन उणे २० चं भविष्य सांगितलं तर ते चुकणारच. उलट कधी कधी ४५ डिग्रीला पण काहीच उतरत नाही, मग समीकरणात टाकणार काय! अशी अडचण झालेली सगळ्यांना आवडते म्हणा.

म्हणूनच अशी वाळवलेली ॲम्प्यूल साध्या पार्सलने, बर्फाशिवाय पाठवली जाते. लसीसाठी कोल्ड चेन आणि तिचं वजन मात्र उघड्यावर, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला विचित्रच वाटलेलं, पण आठवडाभराच्या उष्णतेने काय होतं हे आधीच मोजून झालेलं असतं. सगळ्यांचं असं नसतं हां, पोलिओची काही स्टँडर्ड्स द्रव असतात, ती उणे ७० च्या खालीच ठेवावी लागतात. आणि वाळवलेल्या ॲम्प्यूलमधे एकदा पाणी घातलं की तिची पण सगळी ऐट संपते, ती लगेच वापरायची.

या आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड्सना एक्सपायरी डेट देतच नाहीत, मागे घेतलं असं जाहीर होईपर्यंत ते चालू. आणि बहुतेक वेळा ते बिघडत नाही, वाटून वाटून साठा संपत येतो. मग शेवटच्या ॲम्प्यूल हातात असतानाच नवा लॉट करतात, अनेक देशांतल्या लॅबमधे जुन्याशी ताडून बघतात, आणि जुन्याचे युनिट नव्याच्या नावावर चढतात.