खोल समुद्रातील माशांचे सोनार-निरीक्षण

पाण्यात ध्वनिलहरी सोडून परतणाऱ्या प्रतिध्वनींवरून खोल समुद्रातील माशांचे पोहणे व स्थलांतर अभ्यासण्याची पद्धत. समुद्रात प्रकाश काहीशे मीटरांतच विरतो. ध्वनी मात्र सेकंदाला सुमारे 1,500 मीटर वेगाने खोलवर पोहोचतो. जहाजाखालून सोडलेला ध्वनी एका सेकंदाने परतला, तर मासा सुमारे 750 मीटर खोल आहे.

दुसऱ्या महायुद्धात, 1942 साली, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापुढे ध्वनीचे प्रयोग चालू असताना काहीशे मीटर खोलीवर प्रतिध्वनी देणारा एक पसरट थर आढळला. तळ तर त्याच्याही पुष्कळ खाली होता. हा थर संध्याकाळी वर येतो व पहाटे खाली उतरतो, हे 1945 मध्ये कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेच्या मार्टिन जॉन्सन यांनी दाखवले आणि तो सजीवांचा असल्याचे उघड झाले. बोटभर लांबीचे लँटर्नफिश त्यात मोठ्या संख्येने असतात. अंधारात पृष्ठभागाजवळ चरायचे आणि उजेडात शिकाऱ्यांच्या नजरेआड खोल जायचे, हा त्यांचा रोजचा क्रम. पौर्णिमेच्या आसपास थर एरवीपेक्षा खोलच राहतो.

सोनारला ऐकू येतो तो मुख्यतः माशाच्या वाताशयातील, म्हणजे पोटातील तरंगण्यास मदत करणाऱ्या पिशवीतील, वायू. मांस व पाणी यांची घनता जवळपास सारखी असल्याने मांसाचा प्रतिध्वनी क्षीण असतो. या पद्धतीची खरी अडचण येथेच आहे. काही जातींच्या प्रौढ माशांत वाताशय चरबीने भरतो आणि ते जवळजवळ अदृश्य होतात. उलट वायूचा फुगा बाळगणारे सायफोनोफोर हे जेलीसारखे प्राणी माशांइतकाच जोरकस प्रतिध्वनी देतात. म्हणून एकाच वारंवारतेवर विसंबणे धोक्याचे. 38 किलोहर्ट्झचा ध्वनी सुमारे 1,000 मीटरपर्यंत उपयोगी पडतो. 200 किलोहर्ट्झचा त्याच्या कितीतरी आधी शोषला जातो, पण बारीक प्राणी अधिक स्पष्ट दाखवतो.

जहाजावरून मुख्यतः थर दिसतो, एकेकटा मासा क्वचितच. त्यासाठी सोनार तळाशी ठेवून वर रोखतात किंवा तारेने खोल सोडतात. त्याचा प्रतिध्वनी टिपणारा पृष्ठभाग चार भागांत विभागलेला असतो. प्रत्येक भागावर प्रतिध्वनी किंचित पुढेमागे पोहोचतो आणि त्यावरून माशाची दिशा कळते. असे लागोपाठचे बिंदू जोडले की त्याची वाट उमटते. नॉर्वेतील मासफ्योर्डेन या खोल खाडीत अशा नोंदींतून लहान मासे सलग न पोहता टप्प्याटप्प्याने, मध्ये थांबत वर चढताना दिसले. जाळ्यातून ही गोष्ट कधीच कळली नसती.

जाळे येताना पाहून हे मासे निसटतात. मालास्पिना या 2010-11 च्या संशोधन-जगप्रदक्षिणेतील सोनार-नोंदींवरून 2014 मध्ये मध्यम खोलीतील माशांचे एकूण वजन सुमारे 1,000 कोटी टन असावे, असा अंदाज मांडला गेला; आधीचा, मुख्यतः जाळ्यांवर आधारलेला अंदाज 100 कोटी टनांचा होता. वाताशयाबाबतची वरील अनिश्चितता या नव्या आकड्यालाही लागू आहे.