वैद्यकीय सिम्युलेशन संस्थेचे वार्षिक अधिवेशन (ग्रामीण विदर्भ)

मॅनिकिन (सरावासाठीचे माणसाच्या आकाराचे पुतळे), सरावाची उपकरणे किंवा रुग्णाची भूमिका वठवणारी माणसे यांच्या साहाय्याने डॉक्टर, परिचारिका व आरोग्य कर्मचाऱ्यांना शिकवणाऱ्या शिक्षकांच्या संस्थेचे वर्षातून एकदा भरणारे संमेलन. कार्यशाळा, शोधनिबंध, संघांच्या स्पर्धा आणि संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा असे त्याचे साधारण स्वरूप असते. इतर वैद्यकीय परिषदांपेक्षा हे अधिवेशन वेगळे पडते, कारण इथे ऐकण्यापेक्षा हाताने करून पाहणे महत्त्वाचे. म्हणून भव्य सभागृहापेक्षा शेजारी-शेजारी असलेल्या आठ-दहा खोल्या अधिक कामाच्या. त्या तालुक्याच्या गावातल्या मंगल कार्यालयात मिळत नाहीत, वैद्यकीय महाविद्यालयात मिळतात. त्यामुळे ग्रामीण विदर्भात अधिवेशनाची जागा बहुधा तीच ठरते.

या शिक्षणपद्धतीचा सार्वत्रिक प्रसार १९६० मध्ये नॉर्वेतील खेळणी बनवणारे ऑस्मुंड लेअरडाल यांनी काढलेल्या ‘रेससी अ‍ॅन’ या पुतळ्यापासून झाला. तोंडाने श्वास देणे आणि छाती दाबणे त्यावर शिकवले जाई. शिकवणाऱ्यांच्या संघटना बऱ्याच उशिरा आल्या. युरोपातील संस्था १९९४ मध्ये कोपनहेगन येथे स्थापन झाली, अमेरिकेतील २००४ मध्ये. भारतात २०१९ पासून एमबीबीएसला क्षमताधारित अभ्यासक्रम लागू झाला, कौशल्य प्रयोगशाळा सक्तीची झाली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत मॅनिकिन पोहोचले. ते सगळीकडे खोक्याबाहेर निघाले असे मात्र म्हणता येत नाही.

विदर्भात खेड्याशी जोडलेल्या वैद्यकीय शिक्षणाची परंपरा जुनी आहे. सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने सुरू झाले. सावंगी (मेघे), यवतमाळ, चंद्रपूर व गोंदिया येथेही वैद्यकीय महाविद्यालये आहेत. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बायांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले, न रडलेल्या बाळाला पिशवी-मास्कने श्वास देणेही त्यात होते. ३९ गावांतील या कामाचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट नोंदली गेली. आठवी-दहावी शिकलेली बाई असे कौशल्य आत्मसात करू शकते का, हा प्रश्न या भागात तेव्हाच निकालात निघाला. तरी अधिवेशनाच्या निमंत्रण यादीत आशा कार्यकर्ती आणि एएनएम (उपकेंद्रातल्या आरोग्य सेविका) क्वचितच दिसतात.

आयोजनातला पहिला हिशेब संख्येचा. एका मॅनिकिनभोवती सहा ते आठ जण उभे राहिले तरच प्रत्येकाचा हात लागतो. बाकीचे नुसते बघे. सहा स्टेशने (सरावाची ठिकाणे), प्रत्येकी आठ जण आणि पाऊण तासाची पाळी धरली, तर ४८ जणांना सगळीकडून फिरायला साडेचार तास लागतात, चहा आणि जेवण वेगळे. नोंदणी शंभरावर गेली की आयोजन समिती खूश होते आणि कार्यशाळेचा बट्ट्याबोळ होतो. जागा आधी मोजून नोंदणी बंद करणे हाच यावरचा इलाज. पण शुल्कावर खर्च भागवायचा असल्याने तो सहसा कोणी करत नाही.

तारीख नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान घ्यावी लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि मॅनिकिनच्या साठवणुकीला तापमानाची मर्यादा असते. पण हिवाळ्यातही अडथळे असतात. डिसेंबरमध्ये नागपूरला विधिमंडळाचे अधिवेशन भरले की हॉटेलच्या खोल्या आणि गाड्या मिळेनाशा होतात. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई. शिवाय विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षा, म्हणजे शिक्षक परीक्षक म्हणून बाहेरगावी. विमानाने येणाऱ्या पाहुण्यांना नागपूरहून वर्धा दीड-दोन तासांवर आहे. रेल्वेने येणाऱ्यांना वर्धा आणि सेवाग्राम या दोन्ही स्थानकांची नावे पत्रिकेत स्पष्ट द्यावी लागतात, नाहीतर न्यायला आलेली गाडी एकीकडे आणि पाहुणे दुसरीकडे. मॅनिकिन शेजारच्या जिल्ह्यातून उसने आणायचे तर ‘छोटा हत्ती’ ठरवतात. सोबत तंत्रज्ञ, चार्जर आणि परतीची पावती हवीच. विजेचा दाब कमी-जास्त होतो म्हणून प्रत्येक स्टेशनला यूपीएस लागतो. जनरेटर सुरू होईपर्यंतच्या अर्ध्या मिनिटात संगणकावर चालणारा मॅनिकिन-रुग्ण ‘दगावतो’ आणि सरावासाठी रचलेला प्रसंग पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागतो.

प्रसंगांची निवड हा आयोजनाचा सर्वांत महत्त्वाचा भाग. महानगरात तयार झालेले प्रसंग जसेच्या तसे उचलले जातात, हा नेहमीचा दोष आहे. मण्यार चावलेला मजूर, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव, उष्माघात, सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे दुखणे, फवारणीतली विषबाधा हे इथले प्रसंग. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, त्यानंतर शेवटच्या प्रसंगाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. ऑर्गनोफॉस्फरस गटातल्या कीटकनाशकांच्या विषबाधेत छाती मोकळी होईपर्यंत अ‍ॅट्रोपिन या उताऱ्याची मात्रा दर पाच मिनिटांनी दुप्पट करतात. आपल्याकडची अ‍ॅम्प्यूल ०.६ मिलिग्रॅमची. १.८ मिलिग्रॅमपासून सुरुवात केली तर आधी तीन, मग सहा, मग बारा. म्हणजे दहाव्या मिनिटाला एकूण २१ अ‍ॅम्प्यूल फोडलेल्या असतात. पुस्तकात ही एक ओळ आहे. प्रत्यक्षात एक सिस्टर नुसत्या अ‍ॅम्प्यूल फोडत राहते, दुसरी भरत राहते आणि तिसऱ्या मात्रेला ट्रे रिकामा होतो. आरोग्य केंद्रात एवढा साठा असतो का, हा प्रश्न तिथे आपोआप निघतो.

असे प्रश्न निघतात ते प्रसंगानंतरच्या चर्चेत, म्हणजे डीब्रीफिंगमध्ये. प्रसंग दहा मिनिटांचा असेल तर चर्चेला वीस तरी हवीत. उद्घाटनाची भाषणे लांबली की कात्री नेमकी इथेच लागते. दुसरी अडचण हुद्द्याची: विभागप्रमुखांसमोर इंटर्न तोंड उघडत नाही आणि सिस्टर ‘सर म्हणतील तसं’ म्हणून मोकळी होते. गट आखतानाच वरिष्ठांना वेगळ्या स्टेशनवर पाठवणे बरे.

अधिवेशन चालू रुग्णालयाच्या आवारात भरत असल्यास सरावाची औषधे खऱ्या साठ्यात मिसळणार नाहीत, याची जबाबदारी एका व्यक्तीकडे नावानिशी द्यावी लागते. अमेरिकेत २०१४ मध्ये सरावासाठीचे सलाईन खऱ्या रुग्णांना चढवले गेल्याची घटना घडली आहे. म्हणून ‘फक्त सरावासाठी’ अशी ठळक चिठ्ठी, मोजून देणे आणि मोजून परत घेणे.

सर्वसाधारण सभा कायद्याने आवश्यक. महाराष्ट्रात संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदली गेली तरी सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडेही तिची नोंद असते. हिशेबपत्रके मंजूर करायची, लेखापरीक्षक नेमायचा आणि निवडणूक झाली तर नवे पदाधिकारी नोंदवण्याचा बदल अर्ज ९० दिवसांत दाखल करायचा. ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब, अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी’ हे वाक्य बहुतेक इतिवृत्तांत सापडते. सभा शेवटच्या दिवशी दुपारी ठेवली की सभासद गाडीच्या वेळेकडे पाहून निघून जातात. संघांच्या स्पर्धेची अंतिम फेरी आणि बक्षीस समारंभ यांच्या मध्ये ठेवली तर माणसे बसतात.

जेवणात झुणका-भाकर, वडाभात, पाटवडी रस्सा आणि संत्रा बर्फी पाहुण्यांना आवडते. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी असल्याने मोठ्या शहरांतल्या परिषदांसारखी ‘बँक्वेट’ इथे होत नाही. त्याबद्दल कुरकुर करणारे असतातच, पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या स्टेशनवरची हजेरी चांगली राहते.

डॉक्टरांच्या क्रेडिट पॉइंटसाठी (सतत शिकत राहिल्याबद्दल मिळणारे गुण) महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची मान्यता आधीच घ्यावी लागते. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० गुण हवे असल्याने नोंदणीचा मोठा भाग त्यावर अवलंबून असतो. परिचारिकांसाठी अर्ज वेगळा, आणि तो बहुतेक आयोजकांना शेवटच्या आठवड्यात आठवतो.