डोळा उडी मारतो, पाट्या हलत का नाहीत?

लक्ष्मी रस्त्यावर दुकानांच्या पाट्या वाचत चालताना आपले डोळे सेकंदाला साधारण तीनदा एका जागेवरून दुसरीकडे उडी मारतात. मोठ्या उडीचा वेग सेकंदाला 500 अंशांच्या वर जातो. प्रभातच्या जुन्या स्टुडिओत, म्हणजे आजच्या एफटीआयआयमध्ये, कुणी कॅमेरा असा गरकन फिरवला तर पडद्यावर नुसते फराटे दिसतील. आपल्याला मात्र पाट्या जागच्या जागी दिसतात.

या कोड्याची किल्ली जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी 1860च्या दशकात दाखवली. एक डोळा मिटा आणि दुसऱ्याच्या कडेला, पापणीवरून, बोटाने हलकेच दाबा. समोरचं सगळं सरकतं. आपण नजर वळवली काय, बोटाने ढकलली काय, डोळा दोन्ही वेळा हलतोच. फरक इतकाच की बोटाने हलवला तेव्हा मेंदूने स्नायूंना हुकूम दिलेला नसतो. उलट, ज्यांचे डोळ्याचे स्नायू लुळे पडलेत त्यांनी नजर वळवायचा नुसता प्रयत्न केला तरी त्यांना जग उडी मारल्यासारखं वाटतं. हा दुसरा पुरावा मला जास्त पक्का वाटतो: डोळा जागेवर, हुकूम मात्र सुटलेला. मेंदू हुकुमावरून हिशेब लावतो, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ शेरिंग्टन यांना पटलं नाही. स्नायूंच्या ताणाचीच खबर मेंदूला पोचते, असं त्यांचं म्हणणं.

1950 मध्ये हुकुमाच्या बाजूचं पारडं जड झालं. फॉन होल्स्ट आणि मिटेलश्टेट यांनी एका माशीचं डोकं 180 अंशांत फिरवून चिकटवलं. स्पेरी यांनी माशाचा डोळा उलटा बसवला. दोन्ही जीव स्वतःभोवती गोल गोल फिरत राहिले. हालचालीच्या हुकुमाची एक प्रत दृष्टीकडेही जाते, पण इथे तिचा हिशेब उलटा लागत होता.

ही प्रत मेंदूत कुठून जाते? सॉमर आणि वुर्ट्झ यांनी 2002 मध्ये माकडांमध्ये ती वाट दाखवली: मध्यमेंदूतून थॅलॅमस (मेंदूतलं संदेश पुढे पाठवणारं केंद्र) आणि तिथून मेंदूच्या कपाळामागच्या भागाकडे. थॅलॅमसमधला टप्पा औषधाने तात्पुरता बंद केला, तर लागोपाठच्या दोन उड्यांतली दुसरी चुकायची. त्याआधी 1992 मध्ये आढळलं होतं की मेंदूतल्या काही पेशी डोळा हलण्याआधीच नव्या जागेकडे ‘पाहू’ लागतात.

तरी प्रतीवरच सगळं भागतं असं नाही. ब्रिजमन आणि सहकाऱ्यांच्या 1975च्या प्रयोगात ऐन उडीच्या क्षणी समोरचं चित्र खरोखरच सरकवलं. उडीच्या साधारण एक तृतीयांशापर्यंत ते सरकलं तरी बघणाऱ्यांना पत्ता लागला नाही.