कोपराला मार लागलाय? सपोर्ट घालायच्या आधी हे वाचा

आमचा एल्बो सपोर्ट बरेच जण पडल्या पडल्या घेतात, सूज उतरेल या आशेने. म्हणून आधीच सांगतो, ताज्या माराला सपोर्ट हा उपाय नाहीये, आधी डॉक्टरांना दाखवा, ते म्हणाले तर एक्सरे काढा.

कोपरात तीन हाडं येऊन मिळतात, वरून दंडाचं ह्युमरस आणि खालून अल्ना आणि रेडियस. आपण टेबलावर टेकवतो ते टोक अल्नाचं, त्याला ओलेक्रॅनॉन म्हणतात, आणि तिथे हाडावर कातडीशिवाय फारसं काही नसतंच, त्यामुळे कोपरावर आपटलात की मार थेट हाडाला. त्यात दंडामागचा ट्रायसेप्स स्नायू याच टोकाला जोडलेला, हाड तुटलं की तो तुकडा वर खेचतो, मग हात आपला आपण सरळ होत नाही आणि बऱ्याचदा ऑपरेशन करून वायर नाहीतर प्लेट टाकावी लागते.

मोठ्या माणसांत मात्र जास्त वेळा मोडतं ते रेडियसचं डोकं, म्हणजे त्याचं कोपराकडचं टोक. तोल गेला की आपण हात टेकतो, तळव्याला बसलेला धक्का रेडियसमधून वर कोपरात जातो. हे फ्रॅक्चर फार फसवं, सूज कमी असते, हात हलतो पण, फक्त तळवा वर-खाली फिरवताना बाहेरच्या बाजूला कळ येते. बारीक चीर पहिल्या एक्सरेत कधी कधी दिसतच नाही, तेव्हा दुखणं राहिलं तर परत दाखवा.

लहान मुलांचं वेगळं. कोपराच्या जरा वर ह्युमरसला पुढे-मागे खळगे असतात आणि मधे हाड अगदी पातळ, साधारण 5 ते 7 वर्षांची मुलं हातावर पडली की बहुतेक तिथेच मोडतं. शेजारूनच मोठी रक्तवाहिनी आणि नसा जातात, म्हणून बोटं गार किंवा पांढरी पडली, हलवता येईनात, तर एक मिनिटही न थांबता हॉस्पिटल गाठा.

आणि कृपा करून चोळू नका, कुणाला ओढून बसवू देऊ नका. दुखावलेल्या स्नायूत हाड तयार होऊन कोपर कायमचं आखडू शकतं. हात आहे तसाच स्लिंगमध्ये, म्हणजे गळ्यात अडकवलेल्या झोळीत ठेवा, अंगठी काढा, बस.

सपोर्ट नंतर, डॉक्टर सांगतील तेव्हा. कोपर पटकन आखडतं, म्हणून त्यांनी दिलेला व्यायाम चुकवू नका. आतल्या बाजूच्या हाडामागून अल्नर नस जाते, पट्टा तिथे घट्ट बसला की करंगळीला मुंग्या येतात, असं झालं तर लगेच ढिला करा, तरीही थांबलं नाही तर काढून ठेवा आणि आम्हाला कळवा, मोठा साइज बदलून देऊ.