ईएफ 30 आणि ईएफ 60: दोन्हीकडे हार्ट फेल्युअर असू शकतं

दादरच्या पुलाचा जिना चढताना दोघांनाही सारखीच धाप लागते. संध्याकाळी दोघांचे पाय सुजतात, रात्री दोन-तीन उशा घेतल्याशिवाय दोघांनाही झोप लागत नाही. दोघांनाही हार्ट फेल्युअर आहे, म्हणजे हृदय शरीराच्या गरजेला पुरं पडत नाही. टूडी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टात मात्र एकाचा ईएफ, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, 30 टक्के आणि दुसऱ्याचा 60. पहिल्याच्या घरी धावपळ सुरू होते. दुसऱ्याला सगळे म्हणतात, "पंपिंग नॉर्मल आहे, गॅसेस असतील." ईएफकडे आपण परीक्षेच्या मार्कांसारखं बघतो, त्याचा हा परिणाम.

हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती टक्के बाहेर पडलं, एवढंच ईएफ सांगतो. मुळात भरलं किती आणि भरायला दाब किती लागला, हे त्यातून कळत नाही. समजा, निरोगी कप्प्यात 120 मिलिलिटर रक्त भरलं आणि 72 बाहेर गेलं, तर ईएफ 60. कप्पा ताठरला, 80च भरलं आणि 48 बाहेर गेलं, तरी ईएफ 60च! ताठर भिंती नीट सैलावत नाहीत, त्यामुळे रक्त भरायला जास्त दाब लागतो. तो दाब मागे फुप्फुसांपर्यंत पोचतो आणि दम लागतो. बऱ्याच जणांत हे चढ-उतार करतानाच घडतं, म्हणून आडवं झोपवून केलेल्या इकोत ते निसटू शकतं. हृदयावर ताण आला की वाढणाऱ्या एनटी-प्रोबीएनपीच्या रक्ततपासणीची मदत होते, पण लठ्ठ माणसांत तो आकडाही फसवा कमी येतो.

ईएफ 40 किंवा खाली असेल तर कप्पा बहुधा फुगलेला, स्नायू दुबळा, आणि बऱ्याचदा मागे एखादा हार्ट अटॅक. 50 किंवा वर असूनही फेल्युअर असेल तर मागे वर्षानुवर्षांचं बीपी, मधुमेह, लठ्ठपणा, वाढतं वय. 41 ते 49 हा मधला पट्टा.

संशोधनाचं लक्ष वर्षानुवर्षं दुबळ्या हृदयाकडेच होतं. त्यामुळे ईएफ कमी असलेल्यांसाठी आज चार गटांची औषधं पक्की आहेत: बीटा ब्लॉकर, सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन, स्पायरोनोलॅक्टोनसारख्या गोळ्या आणि एसजीएलटी2 हा मुळात शुगरच्या गोळ्यांचा गट. शिवाय काहींना छातीत बसवायची उपकरणं.

ईएफ चांगला असलेल्या दुसऱ्या प्रकारात बराच काळ लघवीची गोळी आणि बीपीवर ताबा यापलीकडे फारसं काही नव्हतं. 2021 मध्ये चित्र पालटलं. ईएफ 40च्या वर असलेल्या 5,988 रुग्णांच्या चाचणीत एसजीएलटी2 गटातल्या एम्पाग्लिफ्लोझिनमुळे हृदयविकाराने मृत्यू किंवा फेल्युअरसाठी रुग्णालयात भरती, या दोन्हींची मिळून शक्यता 21 टक्क्यांनी घटली. फायदा मुख्यतः भरती टळण्यात दिसला, आयुष्य वाढल्याचं सिद्ध झालं नाही. जाहिराती हा भाग गाळतात. पुढच्या वर्षी त्याच गटातल्या डापाग्लिफ्लोझिननेही तसाच निकाल दिला. 2023 मध्ये लठ्ठ रुग्णांत सेमाग्लुटाइडने वजन घटलं आणि चालण्याची ताकद वाढली. 2024 मध्ये फिनेरेनोन आणि टिर्झेपाटाइड या आणखी दोन औषधांचे अनुकूल निकाल आले.

एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट मार्च 2025 मध्ये संपलं आणि मेडिकलवाल्याकडे स्वस्त गोळ्या आल्या. पण ही मुळात शुगरची गोळी, त्यामुळे "मला डायबेटिस नाही, मग ही कशाला?" म्हणत लोक ती परस्पर बंद करतात. हृदयासाठी दिलेली ही गोळी शुगर नसली तरी काम करते.

आणखी एक घोळ: ज्याचा ईएफ औषधांनी 30 वरून 55 वर आला, तो दुसऱ्या प्रकारात गेला असं नाही, बराही झाला असं नाही. फुगलेलं हृदय सुधारलेल्या काही रुग्णांची औषधं 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू बंद केली; सहा महिन्यांत 40 टक्क्यांहून जास्त जणांचा आजार परतला.