गच्चीवरची काजळी आणि पोटातलं बाळ

गळीत हंगाम सुरू झाला की सांगली जिल्ह्यातल्या वाळवा-पलूस भागात गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर काळे ठिपके पडू लागतात. ही उसाच्या भुश्याची काजळी. साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये जाणाऱ्या भुश्यात वजनाने जवळपास निम्मं पाणीच असतं. तो नीट जळला नाही, की अर्धवट जळलेले कण धुराड्यातून बाहेर पडतात. त्यात पेटवलेलं पाचट आणि वीटभट्ट्यांची भर. थंडीच्या पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि जड होते, वर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो आणि धूर गावावरच रेंगाळतो.

कपड्यांवरची काजळी दिसते तरी, आणि श्वासातून आलीच तर बहुतेक नाका-घशात अडकते. मला काळजी वाटते ती न दिसणाऱ्या कणांची. २.५ मायक्रोमीटरपेक्षा बारीक कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याहूनही लहान, फुफ्फुसात खोल उतरतात. त्यातले अगदी सूक्ष्म कण रक्तात शिरतात आणि गरोदर बाईच्या वारेपर्यंत (प्लॅसेंटापर्यंत) पोचतात. वार म्हणजे बाळाची राखणदार, अशी आपली समजूत. पण २०१९ मध्ये बेल्जियमच्या हॅसेल्ट विद्यापीठातल्या संशोधकांना वारेच्या बाळाकडच्या बाजूलाही काजळीचे कण सापडले. ज्या आयांच्या घराभोवती प्रदूषण जास्त, त्यांच्या वारेत कणही जास्त.

या कणांमुळे शरीरात दाह वाढतो, वारेतला रक्तपुरवठा कमी पडू शकतो. मग बाळ ३७ आठवड्यांआधी जन्मण्याचा किंवा अडीच किलोपेक्षा कमी भरण्याचा धोका वाढतो. अर्थात रक्तक्षय, आहार, अंगमेहनत हेही त्यात गुंतलेलं असतं. एखाद्या बाईचं बाळंतपण लवकर झालं, तर बोट थेट धुराड्याकडे दाखवता येत नाही.

मग धुराचा वाटा ओळखायचा कसा? अमेरिकेतल्या युटा खोऱ्यातला पोलाद कारखाना १९८६-८७ मध्ये वर्षभर बंद होता. माणसं तीच, खोरं तेच, फक्त धूर थांबला. त्या काळात गरोदर असलेल्या बायकांमध्ये अकाली प्रसूती कमी झाल्याचं पुढे अभ्यासात आढळलं, आणि हा फरक दुसऱ्या तिमाहीत सर्वात ठळक होता. वजनात मात्र तसा फरक दिसला नाही. तो बीजिंगमध्ये दिसला. २००८ च्या ऑलिम्पिकसाठी तिथे कारखाने आणि वाहनांवर निर्बंध आले, तेव्हा ज्यांचा आठवा महिना त्या दिवसांत आला, त्यांची बाळं सरासरी २३ ग्रॅमनी वजनदार भरली. एका बाळासाठी २३ ग्रॅम किरकोळ वाटतील. पण ही शहराची सरासरी आहे, आणि आधीच अशक्त असलेल्या बाळाला तेवढेही मोलाचे.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत सांगली आहे, पण ती शहर म्हणून. ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, मात्र शहराबाहेर, कारखान्याच्या आसपास किंवा फडाकडेला पडतात. पाचवा-सहावा महिना लागलेल्या बायकाही फडात उतरतात, आणि संध्याकाळी कोपीतल्याच चुलीशी बसतात. आशाताई तिथे जातात तेव्हा वजन आणि हिमोग्लोबिनसोबत चूल कुठे पेटते आणि धुराड्याचा वारा कुठून येतो, हेही त्यांच्या नोंदवहीत उतरायला हवं.