स्कूटर भाड्याने घ्यायला येताय? आधी लायसन्स उलटून बघा

गोव्यात म्हापशाच्या आमच्या दुकानात रोज सकाळी एकच वाद होतो, म्हणून हे लिहून ठेवलंय. कोल्हापूर, सांगली, पुण्याहून लोक रात्रभर प्रवास करून येतात, सामान हॉटेलात टाकतात आणि थेट आमच्याकडे. लायसन्स पुढे करतात आणि आम्ही बघतो तर त्यावर फक्त एलएमव्ही, म्हणजे कारचं. आम्ही म्हणतो ह्यावर स्कूटर देता येणार नाही, की लगेच, "अहो मी पंधरा वर्षं कार चालवतोय, स्कूटरचं काय एवढं!"

तुम्हाला येते, ह्यात वादच नाही. पण लायसन्स हे "गाडी चालवण्याचं" नसतं, त्या त्या प्रकारच्या गाडीचं असतं. मोटर वाहन कायदा १९८८ च्या कलम १० मध्ये गिअर नसलेली दुचाकी, गिअरवाली दुचाकी आणि हलकं मोटर वाहन म्हणजेच एलएमव्ही, असे वेगवेगळे वर्ग आहेत. कारच्या लायसन्सवर दुचाकी चालत नाही, मग ती अ‍ॅक्टिव्हा असो की बुलेट. तुमच्या कार्डावर, नव्या कार्डांत बहुतेक मागच्या बाजूला, वर्गांचा तक्ता असतो तो बघा. एमसीडब्ल्यूजी, म्हणजे गिअरवाली दुचाकी, असेल तर बुलेट घ्या, स्कूटर घ्या, काहीही घ्या. एमसीडब्ल्यूओजी असेल तर फक्त बिनगिअरची, म्हणजे स्कूटरच. आणि ह्यातलं एकही नसेल तर दुचाकी नाहीच, पोलिसांच्या भाषेत ते विनालायसन्स चालवणंच झालं.

हल्ली काही लोक मोबाईलवर बातमी काढून दाखवतात की सुप्रीम कोर्टाने एलएमव्हीवर सगळं चालतं म्हटलंय. तो नोव्हेंबर २०२४ चा पाच न्यायाधीशांचा निकाल आहे आणि तो साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू-प्रवासी गाड्यांबद्दल आहे, टेम्पो-टॅक्सी चालवणाऱ्यांसाठी. दुचाकीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आम्ही एवढं अडून का बसतो तेही सांगतो, कारण लोकांना वाटतं आम्ही उगाच त्रास देतो, शेजारचा माणूस तर न बघता देतोय. लायसन्स नसताना चालवलं तर कलम १८१ खाली चालवणाऱ्याला ५,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि ज्याने गाडी दिली त्यालाही कलम १८० खाली तेवढंच. पण दंड ही त्यातली छोटी गोष्ट. कळंगुटच्या रस्त्यावर कोणाला धक्का लागला, माणूस जखमी झाला, तर कोर्ट साधारणपणे विमा कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला लावतं आणि मग कंपनी ते मालकाकडून वसूल करू शकते. गाडीच्या नुकसानीचा क्लेम तर नाकारलाच जातो. म्हणजे सुट्टीतल्या दोन दिवसांच्या स्कूटरपायी तुमच्यावर आणि आमच्यावर वर्षानुवर्षांची केस. म्हणून नाही म्हणतो, आणि नाहीच म्हणणार.

बरं, "उद्यापर्यंत काढून आणतो" हेही होत नाही. आधीच्या लायसन्सवर दुचाकीचा वर्ग वाढवता येतो, परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर अर्ज करून, पण आधी लर्निंग काढावं लागतं आणि टेस्ट त्यानंतर ३० दिवसांनी. त्यामुळे गोव्याचा बेत ठरला की त्याच आठवड्यात अर्ज टाका. लर्निंगवर आम्ही गाडी देत नाही, कारण त्यात मागे लायसन्सवाला शिकवणारा बसलेला लागतो. आणि जुनं लायसन्स संपलं असेल तर "महिनाभर चालतं" हे आता खरं नाही, ती ३० दिवसांची सवलत २०१९ च्या दुरुस्तीत काढून टाकली.

मुलांचं विचारतात, की सोळा वर्षांचा आहे, बिनगिअरची चालते ना? कायद्यात सोळाव्या वर्षी ५० सीसीपर्यंतचीच चालते, आमच्या स्कूटर ११० च्या आहेत. अल्पवयीन मुलाने चालवली तर पालकांना किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, कलम १९९अ. आईवडिलांनी स्वतःच्या नावावर घेऊन मुलाच्या हातात द्यायची हा प्रकार कृपा करून नको. इलेक्ट्रिकला लायसन्स लागत नाही हे पण फक्त २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या गाड्यांना, आमच्याकडच्या त्याहून मोठ्या आहेत.

आता काळ्या नंबर प्लेटबद्दल. काळ्यावर पिवळे आकडे म्हणजे गाडीला भाड्याने द्यायचं परमिट आहे. ती चालवायला कमर्शियल लायसन्स लागतं असं काही नाही, साधं चालतं. उलट पांढऱ्या प्लेटची खाजगी स्कूटर कोणी स्वस्तात देत असेल तर ती परमिटशिवाय भाड्याने दिलेली आहे, आणि कलम १९२अ चा १०,००० चा दंड नुसत्या मालकाला नाही, "जो चालवतो" त्यालाही लिहिलाय. आमचा दर थोडा जास्त का, तर परमिट, विमा, पीयूसी सगळं भरलेलं असतं आणि त्याच्या प्रती डिकीत असतात.

कागद डिजीलॉकर किंवा एमपरिवहन ह्या सरकारी अ‍ॅपमध्ये दाखवले तर मूळ कागदांसारखेच चालतात, पण लायसन्सचा गॅलरीतला फोटो चालत नाही, तेवढं अ‍ॅपचं काम हॉटेलातल्या वायफायवर करून ठेवा. हेल्मेट दोघांनाही, पट्टा लावून. आम्ही दोन देतो, वेगळे पैसे नाहीत. तीन माणसं एका स्कूटरवर बसवू नका, दुसरी घ्या. पणजीला जाताना मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकी नेता येत नाही, मॅप तिकडे वळवतो, तुम्ही खालच्या जुन्या पुलांनीच जा. किनाऱ्यावर वाळूत गाडी घालायची नाही, तो गुन्हा आहे आणि खाऱ्या पाण्याने गाडी खराब होते ती वेगळीच. आणि "एका बियरने काय होतं" असं म्हणू नका, मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, पहिल्याच वेळी १०,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. रात्री जेवणापिवणाचा बेत असेल तर स्कूटर हॉटेलवर ठेवा आणि टॅक्सी नाहीतर पायलट, म्हणजे मोटरसायकल-टॅक्सी, करा, पिवळ्या-काळ्या मोटरसायकलवाले आमचे पायलट गल्लीबोळ ओळखून असतात.

फक्त एलएमव्ही असेल तरी नाराज होऊ नका, छोटी कार आहे आमच्याकडे, चौघांच्या कुटुंबाला दोन स्कूटरपेक्षा तीच बरी पडते, पावसाळ्यात तर नक्कीच. घरून निघायच्या आधीच लायसन्सच्या दोन्ही बाजूंचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, कुठली गाडी मिळेल ते लगेच सांगतो आणि तीच राखून ठेवतो. नाताळ ते एकतीस डिसेंबर आणि सलग सुट्ट्यांना गाड्या आधीच जातात, तेव्हा जरा लवकर पाठवा.